तपासणी झाली, पण बाई परत आलीच नाही

प्रश्न असा आला आहे: "मी एका जिल्ह्यातल्या एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर) समुपदेशक आहे. औषधाला येणाऱ्या बायकांसाठी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सुरू करायची आहे. कुणी म्हणतं पॅप करा (पेशी काचेवर घेऊन लॅबला पाठवायच्या), कुणी व्हिया (व्हिनेगरसारखं ॲसिड लावून पांढरा डाग दिसतो का ते डोळ्यांनी बघायचं), कुणी म्हणतं एचपीव्ही चाचणीशिवाय सुरूच करू नका. आफ्रिकेत नर्स तपासतात आणि तिथल्या तिथे उपचारही करतात असं ऐकलं. आपल्याकडे ते चालेल का? आणि ज्यांचा व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) दाबलेला आहे, काही त्रास नाही, त्यांनाही हे लागतं का?"

शेवटून सुरुवात करते. हो, लागतं. किंबहुना त्रास नसतो तेव्हाच लागतं. संबंधानंतर रक्त जातंय, पाळी बंद होऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलंय, घाण वासाचं पाणी जातंय, अशी बाई आली तर मी व्हियाबिया करत बसत नाही. सरळ तुकडा घेऊन बायोप्सीला पाठवते. तपासणी आहे ती "मला काही होत नाही हो मॅडम" म्हणणारीसाठी. ही गोष्ट बायकांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो वेळ डॉक्टरकडे नसतो, तुमच्याकडे असतो. म्हणून प्रश्न समुपदेशकाकडून आला याचं बरं वाटलं.

आता कारण. हा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. त्याला हाकलते ती प्रतिकारशक्ती, आणि एचआयव्हीने नेमकी तीच पोखरलेली असते. त्यामुळे विषाणू मुक्काम ठोकतो, एकाच वेळी त्याचे दोन-तीन प्रकार नांदतात, आणि एरवी ज्या बदलांना कॅन्सर व्हायला १५ ते २० वर्षं लागतात ते एचआयव्हीवर उपचार न घेतलेल्या बाईत ५ ते १० वर्षांत तिथवर पोचू शकतात. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०२० साली निघालेल्या आढाव्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा धोका इतरांच्या साधारण सहापट असल्याचं दिसलं. अमेरिकेने तर १९९३ सालीच पसरलेला गर्भाशयमुखाचा कॅन्सर एड्सच्या व्याख्येत घातला होता.

एआरटीने हा धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. इथे आपल्या बायकांचा इतिहास लक्षात घ्यायला हवा. सरकारी मोफत औषध २००४ साली सुरू झालं तेव्हा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) पार खाली गेल्याशिवाय ते मिळत नसे. "निदान झालं की लगेच गोळी" हे धोरण आलं २०१७ मध्ये. म्हणजे आज तुमच्यासमोर बसलेली बेचाळीस वर्षांची बाई, जिचा व्हायरल लोड गेली पाच वर्षं सापडत नाही, तिने त्याआधी कितीतरी वर्षं दीडशे-दोनशे सीडी४ वर काढलेली असू शकतात. गर्भाशयमुखावरचा बदल त्या वर्षांत सुरू झालेला असू शकतो. आजचा चांगला रिपोर्ट मागची वर्षं पुसत नाही. शिवाय गोळ्यांनी ती जगली म्हणूनच ती आता कॅन्सरच्या वयाला येऊन ठेपली आहे. पूर्वी या बायका टीबीने आधीच जायच्या.

आता मुख्य मुद्दा. पॅप की व्हिया की एचपीव्ही, हा वाद मी बरीच वर्षं ऐकते आहे, आणि माझ्या मते तो चुकीच्या टोकाने सुरू होतो. आधी हे विचारा: या बाईला किती खेपा घालाव्या लागणार?

एक प्रसंग सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिबिरात आम्ही पॅपच्या काचा घेतल्या. चांगलं शिबिर झालं, मंडप होता, पोहे होते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही आला. काचा एका मोठ्या रुग्णालयात गेल्या, तिथे पॅथॉलॉजिस्ट एकच. रिपोर्ट आले सात आठवड्यांनी. चार जणींचे वाईट होते. दोघी सापडल्या. तिसरीने फोन उचलला नाही. तिने घरी एचआयव्हीचं सांगितलेलं नव्हतं आणि दवाखान्याचा नंबर ओळखीचा होता. चौथी ऊसतोडीला गेली होती, पार कर्नाटकात. ती परत आली पाडव्यानंतर, आणि माझ्याकडे आली त्याच्या पुढच्या वर्षी, रक्त जातंय म्हणून. तोवर गाठ बाजूच्या भिंतीपर्यंत पसरली होती. तिची तपासणी झाली होती. आमच्या अहवालात तिचा आकडाही होता. उपचार तेवढा झाला नव्हता.

तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे. तपासणी, निकाल आणि उपचार यांतल्या जितक्या गोष्टी एका दिवसात, एका इमारतीत होतील तितक्या बायका वाचतील. प्रत्येक जादा खेपेला काही बायका गळतात. एचआयव्ही असलेल्या जास्त गळतात, कारण प्रत्येक खेपेला घरी एक खोटं कारण सांगावं लागतं, रोजगार बुडतो आणि एसटीचे पैसे जातात.

आफ्रिकेचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, आणि ते याच हिशेबावर उभं आहे. झांबियाच्या लुसाका शहरात २००६ साली डॉ. ग्रोसबेक परहॅम आणि डॉ. मुलिंदी म्वानाहामुंतू यांनी कार्यक्रम सुरू केला तेव्हा देशात पॅथॉलॉजिस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पॅपचा विचार करण्यात अर्थच नव्हता. त्यांनी सरकारी आरोग्यकेंद्रातच, एआरटीच्या खोलीला लागून, तपासणीची खोली थाटली. नर्सला व्हिया शिकवली. वर एक युक्ती केली: डिजिटल कॅमेऱ्याने गर्भाशयमुखाचा फोटो काढायचा, तो बाईला पडद्यावर दाखवायचा, शंका असेल तर दूर बसलेल्या डॉक्टरला पाठवायचा. डाग गोठवण्याजोगा (अतिथंड गॅसने जागीच नष्ट करण्याजोगा) असेल तर त्याच दिवशी, तीच नर्स गोठवणार. मोठा असेल तर विद्यापीठाच्या रुग्णालयात लीपसाठी (तारेने डाग कापून काढण्यासाठी) रवानगी. २०१३ पर्यंत त्यांनी लाखाहून अधिक बायका तपासल्या, त्यातल्या चौथ्या हिश्शाहून जास्त एचआयव्हीबाधित.

फोटोची गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे बाईने आपलं गर्भाशयमुख कधी पाहिलेलंच नसतं. "पिशवीला जखम आहे" असं कुणीतरी सांगतं आणि ती घाबरून पिशवी काढायला तयार होते. आता मी मोबाइलवर फोटो काढून दाखवते आणि तिच्यासमोरच खोडते, कारण आमच्याकडे तो जपून ठेवण्याची धड सोय नाही. एक बाई म्हणाली होती, "एवढंसंच आहे व्हय? मला वाटलं आत सगळं सडलंय."

तिथे सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पुढच्या रुग्णालयात पाठवलेल्या बायकांची गळती त्यांच्याकडेही झाली. बिल्हारझियाचा जंत असलेल्या भागात गर्भाशयमुखावर वाळू पसरल्यासारखे चट्टे येतात, ते वेगळे ओळखायला शिकावं लागतं. आपल्याकडे ती भानगड नाही. गोठवण्याच्या यंत्राला लागणारा गॅसचा सिलिंडर ही तर सगळ्याच गरीब देशांची डोकेदुखी: जड, महाग, आणि हवा तेव्हा रिकामा.

दक्षिण आफ्रिकेचा धडा थोडा वेगळा आहे. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत डॉ. लिनेट डेनी यांनी एचपीव्ही चाचणी करून, पॉझिटिव्ह आलेल्यांना पुढे काही न बघता गोठवण्याचा उपचार दिला. एचआयव्ही असलेल्या बायकांत तीन वर्षांत कॅन्सरच्या आधीचे, पुढच्या टप्प्याचे बदल सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले. आकडा जबरदस्त आहे. तरीही एचआयव्हीबाधित बायकांत मी सरसकट तसं करणार नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारसही तशी नाही. या बायकांत एचपीव्ही इतक्या जणींना सापडतो की ज्यांना गरज नाही अशा कितीतरी जणींवर उपचार होतील. म्हणून त्यांच्यासाठी शिफारस आहे ती एचपीव्ही चाचणी, पॉझिटिव्ह आली तर दुसरी पडताळणी, आणि मग उपचार. पडताळणी म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा व्हियाच. वय २५ पासून सुरुवात (एचआयव्ही नसलेल्यांत ३० पासून), निगेटिव्ह आली तर दर ३ ते ५ वर्षांनी. नुसती व्हिया करत असाल तर दर ३ वर्षांनी.

आपल्या मातीतला पुरावाही कमी नाही. किंबहुना या विषयावर जगाने महाराष्ट्राकडून शिकलं आहे, हे आपल्यालाच माहीत नसतं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. २००९ साली निकाल आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हियाच्या गटांत तसा ठोस फरक दिसला नाही. दुसरीकडे टाटा मेमोरियलनेच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवडे प्रशिक्षण देऊन, दर दोन वर्षांनी व्हिया केली, तर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मी यातून काढलेला अर्थ असा: एचपीव्ही चाचणी एकदा केली तरी बरंच काम होतं, व्हिया पुन्हा पुन्हा आणि चांगल्या डोळ्याने केली तरच. हे दोन्ही अभ्यास सर्वसाधारण बायकांवरचे होते, एचआयव्हीबाधितांवरचे नव्हेत. त्यांच्यावरचं काम पुण्यात प्रयास संस्थेत झालं, हजारावर बायकांची पॅप, व्हिया, आयोडीन लावून बघणं, एचपीव्ही अशी सगळी तपासणी करून. त्यातही व्हिया आणि तिच्या जोडीला आयोडीन हा आपल्यासारख्या ठिकाणी जमण्यासारखा मार्ग ठरला.

एवढं सगळं असून देशाची अवस्था काय? २०२२ साली भारतात या कॅन्सरचे सव्वा लाखावर नवे रुग्ण आणि ८० हजाराच्या घरात मृत्यू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या २ टक्केसुद्धा नव्हत्या.

तर तुमच्या सेंटरसाठी मी काय सुचवेन?

तुमच्या जिल्ह्यात टीबीसाठी जीनएक्सपर्ट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र नक्की असेल. दोन्हींवर एचपीव्हीची चाचणी होते, तासाभरात. ती मिळवता आली तर सकाळी बाई आली की पडद्यामागे तिलाच स्वॅब घेऊ द्या. हो, तिने स्वतः घेतलेला नमुनाही चालतो, आणि कित्येक जणींना तोच बरा वाटतो. औषधाची रांग, वजन, गोळ्या मोजणं, तुमचं समुपदेशन यात दोन तास तसेही जातात. तोवर निकाल. निगेटिव्ह असेल तर ती सुटली, टेबलावर चढायचीही गरज नाही. पॉझिटिव्ह असेल तर तेव्हाच व्हिया, आणि डाग दिसला व उपचाराजोगा असला तर तेव्हाच उपचार. अडचण एकच: चार खणांच्या यंत्रात एका वेळी चारच नमुने बसतात आणि टीबीवाले पुढे उभे असतात. त्यामुळे दिवसाला आठ-दहा जणींहून जास्त बोलावू नका. टीबीच्या लॅब टेक्निशियनशी आधी चहा घ्या. ही सूचना मी थट्टेने करत नाही.

चाचणी मिळत नसेल तर थांबू नका, सरळ व्हिया सुरू करा. पॅप फक्त तिथे करा जिथे आठवड्याच्या आत रिपोर्ट हातात पडतो.

व्हिया म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण बायका तुम्हालाच विचारणार. टेबलावर पाय दुमडून झोपायचं. स्पेक्युलम घालून गर्भाशयाचं तोंड दिसेल असं करायचं. इथे घाई केली तर दुखतं, कोमट पाण्यात भिजवून हळू घातलं तर फक्त दाब जाणवतो. मग ५ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा तोंडावर ठेवायचा. ते आम्ही रोज सकाळी ताजं करतो, ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि ९५ मिली डिस्टिल्ड वॉटर. आदल्या दिवशीचं ओतून टाकायचं. खोलीत आंबट वास सुटतो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चायनीजच्या गाडीवर येतो तसला वास येतोय." बरोबर, तोच तो.

मग एक मिनिट थांबायचं. घड्याळ लावून. नवशिक्या नर्सची चूक इथेच होते. वीस सेकंदांत बघून "नॉर्मल" लिहून मोकळी. मिनिटभराने, आतल्या लाल आणि बाहेरच्या गुलाबी अस्तराची जिथे सांधेजोड असते त्या रेषेला चिकटून, चुन्याने लिंपल्यासारखा दाट, स्पष्ट कडांचा पांढरा पट्टा दिसला तर पॉझिटिव्ह. रेषेपासून दूरचे पुसट पांढरे ठिपके, मोत्यासारखे फुगवटे, साधी सूज यांना पॉझिटिव्ह म्हणू नका. पहिल्या पन्नास-शंभर बायका अनुभवी माणसाशेजारी उभं राहून तपासल्याशिवाय हा डोळा बसत नाही. प्रशिक्षणाच्या दिवशीच्या स्लाइडवर तो बसत नाही. पाळी बंद झालेल्या बायकांत ही रेषा आत सरकते, दिसतच नाही. तिथे व्हियावर भिस्त ठेवू नका, एचपीव्ही चाचणीच करा. पाळी चालू असताना बोलावू नका, आणि पिवळा-हिरवा स्राव दिसला तर आधी त्या संसर्गाचे उपचार करा. पण तेवढ्यासाठी तिला न तपासता परत पाठवू नका. डाग दिसतोय का ते बघून घ्याच.

उपचाराचं थोडक्यात. डाग पूर्ण दिसतोय, आत नळीत शिरलेला नाही, तोंडाच्या तीन चतुर्थांशाहून मोठा नाही आणि कॅन्सरचा संशय नाही, तर तो जागीच जाळता येतो. आता थर्मल ॲब्लेशनचं हातात मावणारं, बॅटरीवरचं यंत्र मिळतं. १०० अंशांवर २० ते ३० सेकंद, गरज पडली तर पुन्हा. सिलिंडर नाही, भूल नाही, बाई उठून चालत घरी. यातली एकही अट मोडत असेल तर लीप, म्हणजे तारेने तेवढा भाग कापून काढणं. त्याला वीज, भूल आणि स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो. संशय असेल तर काहीही न जाळता बायोप्सी. कॅन्सरवर जाळण्याचा उपचार करून बाईला "बरं झालं" सांगणं यासारखी दुसरी घोडचूक नाही.

एचआयव्ही असलेल्या बायकांत लीप बरं की गोठवणं बरं, यावर केनियात ४०० बायकांचा अभ्यास झाला आणि २०१९ साली निकाल आला. दोन वर्षांत बदल परत उलटले ते गोठवलेल्यांत ३० टक्के आणि लीप केलेल्यांत सुमारे १९ टक्के. म्हणजे लीप सरस. पण दुसरं वाचन असं की लीप करूनही जवळजवळ पाचातल्या एकीला परत झालं. माझा व्यवहार असा: डाग मोठा आणि लीप त्याच आठवड्यात, त्याच गावात होणार असेल तर लीप. लीपसाठी तिला दीडशे किलोमीटरवर जावं लागणार असेल आणि डाग जाळण्याच्या अटींत बसत असेल, तर मी आजच जाळते आणि वर्षाने बघते.

वर्षाने बघणं मात्र सुटता कामा नये. एचआयव्हीबाधित बाईवर उपचार झाला तर १२ महिन्यांनी पुन्हा चाचणी, ती चांगली आली तरी आणखी १२ महिन्यांनी एकदा, मग नेहमीच्या वेळापत्रकावर. एचपीव्ही पॉझिटिव्ह पण व्हिया स्वच्छ, अशीलाही १२ महिन्यांनी. "एकदा झालं की झालं" हे या बायकांना लागू नाही.

उपचारानंतर महिनाभर पाण्यासारखा स्राव जातो, ते आधी सांगा, नाहीतर त्या घाबरतात. आणि चार ते सहा आठवडे संबंध नकोत. जखम ओली असताना तिथून एचआयव्ही जास्त बाहेर पडू शकतो आणि तिलाही नवा संसर्ग लागू शकतो. नाहीच जमलं तर निरोध, प्रत्येक वेळी. हे वाक्य बोलायला सोपं आहे. समोरची बाई विचारते, "मालकांना काय सांगू?" मी चिठ्ठीवर लिहून देते: पिशवीच्या तोंडाला जखम, औषध लावले आहे, सहा आठवडे संबंध वर्ज्य. खाली सही, शिक्का. त्या शिक्क्याने जे होतं ते माझ्या भाषणाने होत नाही.

आता तुमच्या खास कामाचं. "पॉझिटिव्ह" हा शब्द जपून वापरा. या बायकांनी तो एकदा ऐकलेला आहे आणि त्या दिवशी त्यांचं जग उलटंपालटं झालेलं आहे. एचपीव्ही आणि एचआयव्ही ही अक्षरंही कानाला सारखीच लागतात. माझ्यासमोर एक जण रडायला लागली, "परत आलं का ते?" तेव्हापासून आम्ही "विषाणू सापडला, आत एकदा बघून घेऊ" असं म्हणतो. विधवा बायका विचारतात, "ते जाऊन अकरा वर्षं झाली, मग हे आलं कुठून?" त्यांना सांगा की हा विषाणू वर्षानुवर्षं दबून राहतो; आज सापडला म्हणजे आज लागला असं नाही. सासूसमोर किंवा दिरासमोर हे बोलायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता हा तिचा हक्क आहे, पण खरी गोपनीयता कायद्यापेक्षा दाराच्या पाटीवर असते. तपासणीच्या खोलीवर "एचआयव्ही महिला तपासणी" असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. "महिला तपासणी" एवढंच लिहा. फाइलवर लाल टिकली, लाल रेघ, काही नको. आणि स्पेक्युलम या बायकांसाठी वेगळे ठेवू नका. प्रत्येक बाईनंतर प्रत्येक स्पेक्युलम त्याच शिस्तीने क्लोरीनमध्ये बुडवून, धुऊन, ऑटोक्लेव्ह करा.

पिशवी काढलेल्यांचं वेगळं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारने समिती नेमली, हे तुम्हाला आठवत असेल. कितीतरी जणींना "कॅन्सर होईल" या धाकाने तिशीतच पिशवी काढायला लावली होती. यातला उपरोध असा की ज्या आजाराची एका मिनिटाची तपासणी आहे, त्याचीच भीती घालून त्यांचा अख्खा अवयव गेला. अशी बाई तुमच्याकडे आली तर "आता मला काही लागत नाही" हे ऐकून सोडू नका. पिशवी काढली तेव्हा तोंड ठेवलं होतं का आणि कशासाठी काढली, याचा कागद मागा. तोंड शिल्लक असेल किंवा आधीच बदल सापडले म्हणून काढली असेल, तर तपासणी लागते. कागद नसतो बहुतेकदा. मग मी स्पेक्युलम लावून बघते.

लस? मुलींसाठी हवीच. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे. जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलींना शक्यतो तीन डोस द्यावेत. पण आधीच लागलेला विषाणू लसीने जात नाही, म्हणून आयांना लस देऊन तपासणी टाळता येणार नाही.

सुरुवात कुणापासून करायची, एवढंच राहिलं. सेंटरची जुनी रजिस्टरं काढा. ज्यांचं औषध २०१७ च्या आधी सुरू झालं, सुरू होताना ज्यांचा सीडी४ सगळ्यात खाली होता आणि आज ज्या पस्तीस ते पन्नास वयात आहेत, त्यांची यादी करा. त्या आधी. यादीत एक रकाना वाढवा: कामाला बाहेरगावी कधी जाते. ज्या ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात त्यांना दसऱ्याच्या आत बोलवा, आणि त्या दिवशी जाळण्याचं यंत्र चार्ज केलेलं आहे का, हे आदल्या संध्याकाळी स्वतः बघा.